कंपनी बुडाली, मग अडकलेले पैसे कोण देणार? यूकेत नोकरी करणाऱ्यांसाठी

यूकेत आपल्या माणसाची कंपनी अचानक बंद पडली की तो काय म्हणतो ते ठरलेलं असतं, कंपनीकडेच पैसे नाहीत तर मागायचं कुणाकडे. पगार अडकलेला, सुट्ट्या शिल्लक, नोटीस तर दिलीच नाही, आणि माणूस हात टेकून दुसरी नोकरी शोधायला लागतो, मागचं सोडून देतो. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण यातले बरेचसे पैसे मिळतात, कायद्याने मिळतात, वकील न लावता मिळतात, फक्त ते कंपनीकडून नाही तर सरकारकडून मिळतात आणि मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही.

कसं ते सांगते. तुमच्या पेस्लिपवर दर महिन्याला नॅशनल इन्शुरन्स म्हणून एक रक्कम कापली जाते बघा, कंपनीही तिच्या बाजूने भरते. त्यातून नॅशनल इन्शुरन्स फंड चालतो, पेन्शन वगैरे त्यातूनच दिली जाते. कंपनी अधिकृतपणे दिवाळखोर झाली की कामगारांचं थकलेलं देणं, ठराविक मर्यादेपर्यंत, याच फंडातून दिलं जातं. हे काम बघणारं खातं म्हणजे रिडन्डन्सी पेमेंट्स सर्व्हिस (रिडन्डन्सी म्हणजे कामाची जागाच उरली नाही म्हणून नोकरी जाणं), ते दिवाळखोरीची प्रकरणं बघणाऱ्या सरकारी इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिसचा भाग आहे. तुम्हाला पैसे दिले की सरकार तुमच्या जागी उभं राहतं आणि बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेतून ती रक्कम वसूल करायचा प्रयत्न करतं. वसूल होवो न होवो, ती त्यांची डोकेदुखी, तुमचे पैसे त्यावर अडून राहत नाहीत. म्हणजे ही मदत नाही, उपकार तर अजिबात नाही. रिडन्डन्सीचा कायदा तिथे १९६५ पासून आहे, आता सगळं १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अॅक्टमध्ये आहे. हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी, उत्तर आयर्लंडची व्यवस्था अशीच पण वेगळी आहे आणि तिथले आकडेही वेगळे.

आपल्याला हे सुचत नाही याचं कारण मला वाटतं आपण भारतात वेगळं बघितलंय. जेट एअरवेज आठवा, एप्रिल २०१९ मध्ये विमानं थांबली, मधली काही वर्षं कंपनी पुन्हा उभी करायच्या योजनेत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. भारतातल्या दिवाळखोरी कायद्यात कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला रांगेत वरचा नंबर आहे हे खरं, पण रांग शेवटी कंपनीच्या शिल्लक मालमत्तेसमोरच, आधी खिशातून देणारा असा फंड नाही. मुंबईत गिरणी कामगारांचं काय झालं ते ज्या घरांनी बघितलंय त्यांना कंपनी गेली म्हणजे पैसे गेले हेच खरं वाटणार. यूकेत ते तसं नाही.

२३ सप्टेंबर २०१९ ला पहाटे थॉमस कुक ही जुनी ट्रॅव्हल कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली म्हणजे मोडीत निघाली, यूकेतच साधारण ९,००० लोकांच्या नोकऱ्या एका दिवसात धोक्यात आल्या. बातम्यांमध्ये परदेशात अडकलेले प्रवासी दिसत होते, पण दुकानात आणि विमानात काम करणाऱ्या ज्या लोकांची नोकरी गेली आणि पैसे थकले त्यांच्यासाठीचा रस्ता हाच होता, रिडन्डन्सी पेमेंट्स सर्व्हिसकडे क्लेम. (मुंबईतली थॉमस कुक इंडिया २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची होती, तिच्यावर त्या दिवाळखोरीचा परिणाम झाला नाही, तेव्हा इकडे बरेच जण घाबरले होते.) २०२३ मध्ये विल्को ही दुकानांची साखळी गेली, तेव्हाही हेच.

आता नेमकं काय मिळतं. चार वेगवेगळे क्लेम आहेत आणि चारही वेगवेगळे समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. रिडन्डन्सी पे, थकलेला पगार, सुट्ट्यांचे पैसे आणि नोटीसचे पैसे. लोक म्हणतात मला दोन वर्षं झाली नाहीत त्यामुळे मला काही मिळणार नाही. चूक. दोन वर्षांची अट फक्त रिडन्डन्सी पेला आहे. थकलेला पगार आणि सुट्ट्या याला दोन वर्षांची अट नाही, आणि नोटीसला एक महिना नोकरी झालेली असली की पुरे. सहा महिन्यांपूर्वी जॉइन झालेला पोरगासुद्धा तीन क्लेम करू शकतो, आणि बहुतेक वेळा करत नाही.

रिडन्डन्सी पेचा हिशोब वय आणि पूर्ण वर्षं यावर असतो. २२ च्या आधीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला अर्ध्या आठवड्याचा पगार, २२ ते ४० या वयातल्या वर्षाला एक आठवडा, ४१ पासून पुढच्या वर्षाला दीड आठवडा, आणि जास्तीत जास्त २० वर्षं धरतात. यात आठवड्याच्या पगारालाच वरची मर्यादा आहे, ६ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षाला ती ७१९ पौंड होती, त्याआधीच्या वर्षाला ७००. दर एप्रिलमध्ये ती बदलते, म्हणून तुमच्या तारखेला कुठला आकडा लागतो ते सरकारी साइटवर बघून घ्या. तुमचा पगार आठवड्याला हजार पौंड असला तरी हिशोब मर्यादेवरच होतो. ही मर्यादा चारही क्लेमना लागते हे लक्षात ठेवा.

थकलेला पगार जास्तीत जास्त आठ आठवड्यांचा मिळतो, ओव्हरटाइम आणि कमिशन यातच येतं. टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स कापून देतात, त्यामुळे हातात आलेली रक्कम कमी दिसली तर दचकू नका. सुट्ट्यांचे जास्तीत जास्त सहा आठवडे, कंपनी दिवाळखोर होण्याआधीच्या १२ महिन्यांत साठलेल्या पण न घेतलेल्या, शिवाय घेतली पण पैसे मिळाले नाहीत अशी सुट्टीही यात येते. मे महिन्यात किंवा दिवाळीत गावी जायचं म्हणून वर्षभर सुट्टी साठवणाऱ्या आपल्या लोकांची इथे बरीच रक्कम निघते.

नोटीसवर जरा थांबते कारण सगळ्यात जास्त पैसे लोक इथे घालवतात. कायद्याची किमान नोटीस अशी, एक महिना ते दोन वर्षं नोकरी असेल तर एक आठवडा, नंतर प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवडा, जास्तीत जास्त १२. तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तीन महिन्यांची नोटीस लिहिलेली असली तरी फंडातून मिळते ती फक्त कायद्याची किमान. आणि महत्त्वाचं म्हणजे याचा अर्ज बाकीच्या तीनबरोबर होत नाही. पहिल्या अर्जात पगार, सुट्ट्या, रिडन्डन्सी मागायची, आणि नोटीससाठी दुसरा अर्ज, तोही तुमचा नोटीसचा काळ जितका असायला हवा होता तितका उलटून गेल्यावर. ते तुम्हाला कळवतात पुढे काय करायचं ते, पण तो ईमेल येईपर्यंत माणसाला दुसरी नोकरी लागलेली असते, पहिले पैसे खात्यात आलेले असतात, आणि वाटतं झालं संपलं. तो दुसरा अर्ज राहून जातो. सात-आठ वर्षं नोकरी केलेल्या माणसाचे सात-आठ आठवड्यांचे पैसे असे सोडून दिले जातात.

हा अर्ज नंतर का, त्यालाही कारण आहे. नोटीसचे पैसे म्हणजे बक्षीस नाही, नोटीस न मिळाल्यामुळे जे नुकसान झालं त्याची भरपाई. म्हणून त्या आठवड्यांत तुम्ही दुसरीकडे जे कमावलं ते वजा होतं, बेरोजगार भत्ता म्हणजे जॉबसीकर्स अलाउन्स मिळाला असेल तर तो वजा होतो, आणि मिळू शकत होता पण तुम्ही मागितलाच नाही तरीही तो वजा होऊ शकतो. त्यामुळे नोकरी गेली की लगेच त्या भत्त्याचा अर्ज टाकावा, नाहीतर दोन्हीकडून तोटा. शिवाय नोटीसच्या रकमेतून टॅक्ससारखी २० टक्के कपात करतात, तुमचं वर्षाचं उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेखाली असेल तर ती कपात परत मागता येते का ते जरूर विचारा.

एक उदाहरण घेऊ. समजा स्लाउजवळच्या एका वेअरहाउसमध्ये काम करणारी ४३ वर्षांची बाई, सात पूर्ण वर्षं नोकरी, आठवड्याला ५२० पौंड, पाच दिवसांचा आठवडा. ५२० ही रक्कम मर्यादेखाली आहे त्यामुळे पूर्ण धरली जाईल. वर्षं मागे मोजत जायची, ४१ नंतरची दोन वर्षं दीडपटीने म्हणजे तीन आठवडे, आधीची पाच वर्षं एकपटीने म्हणजे पाच, एकूण आठ आठवडे, ४,१६० पौंड रिडन्डन्सी, आणि यावर टॅक्स नाही. पाच आठवड्यांचा पगार थकलाय, २,६०० पौंड, टॅक्स कापून. नऊ दिवस सुट्टी शिल्लक, दिवसाला १०४ प्रमाणे ९३६. नोटीस सात आठवडे, ३,६४० पौंड. पण तीन आठवड्यांनी तिला आठवड्याला ४०० पौंडांची दुसरी नोकरी लागली, तर उरलेल्या चार आठवड्यांचे १,६०० वजा, राहिले २,०४०, त्यातून पहिल्या तीन आठवड्यांचा भत्ता आणि टॅक्सची कपात. म्हणजे कपातीआधीची बेरीज ९,७३६ पौंड. आपल्याला काही मिळणार नाही असं समजून ही बाई घरी बसली असती तर तिने एवढे पैसे सोडले असते.

जास्त पगारवाल्यांचं गणित वेगळं. वर्षाला ५५,००० पौंड पगार असलेला आयटीतला माणूस, आठवड्याला साधारण १,०५८. आठ आठवडे पगार थकलाय म्हणजे त्याचे साडेआठ हजारांच्या जवळ येणं आहे, पण ७१९ च्या मर्यादेने त्याला ५,७५२ मिळणार. उरलेले सत्तावीसशे पौंड कुठे जातात? ते कंपनीवरचं कर्ज म्हणून राहतात, आणि ते लिक्विडेटर किंवा अॅडमिनिस्ट्रेटरकडे, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या माणसाकडे, दावा म्हणून नोंदवायचे. कॉन्ट्रॅक्टमधली जास्तीची नोटीस, कंपनीने कबूल केलेली जास्तीची रिडन्डन्सी, तीही इथेच. खरं सांगायचं तर इथे पौंडामागे काही पेन्स मिळाले तरी नशीब, कित्येकदा काहीच मिळत नाही. पगाराच्या थकबाकीला रांगेत जो वरचा नंबर असतो तो माणशी ८०० पौंडांपुरताच आहे आणि १९८६ च्या नियमांत जो आकडा होता तोच अजून चालू आहे, हे मला अन्यायाचं वाटतं. पण दावा नोंदवायला खर्च नाही, तेव्हा नोंदवाच.

अर्ज कसा करायचा. कंपनी अधिकृतपणे दिवाळखोर झाली की कारभार बघायला एक माणूस नेमला जातो, अॅडमिनिस्ट्रेटर, लिक्विडेटर किंवा ऑफिशियल रिसीव्हर. तो तुम्हाला एक केस रेफरन्स नंबर देतो, सुरुवातीला सीएन ही अक्षरं आणि पुढे आकडे. हा नंबर आणि तुमचा नॅशनल इन्शुरन्स नंबर घेऊन सरकारी साइटवर ऑनलाइन अर्ज भरायचा. नंबर आला नसेल तर त्या माणसाला स्वतः ईमेल करून मागा, वाट बघत बसू नका. रिडन्डन्सीसाठी नोकरी गेल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करायला हवा. तुम्ही भरलेली माहिती कंपनीच्या रेकॉर्डशी ताडून बघतात, त्यामुळे तारखा, पगार, सुट्ट्यांचे दिवस अंदाजाने लिहू नका, फरक पडला की अर्ज अडकतो. अर्जाला फी नाही. तुमचा क्लेम आम्ही करून देतो आणि त्यातले इतके टक्के घेतो असं म्हणणारे लोक असतात, त्यांची या अर्जासाठी काही गरज नाही.

आणि कंपनी डळमळीत दिसायला लागली, पगार दोन-चार दिवस उशिरा यायला लागला, की तेव्हाच कागद जमा करा. पेस्लिप, कॉन्ट्रॅक्ट, पी सिक्स्टी (वर्षभराच्या पगाराचा आणि टॅक्सचा दाखला), सुट्ट्यांची नोंद, रोटाचे म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकाचे स्क्रीनशॉट, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट. हे सगळं कंपनीच्या पोर्टलवर असतं आणि ज्या दिवशी कंपनी बंद होते त्याच दिवशी तुमचं लॉगिनही बंद होतं. स्वतःच्या ईमेलवर आधीच घेऊन ठेवा, अर्थात फक्त तुमचे स्वतःचे कागद, कंपनीच्या ग्राहकांचे नाहीत.

आता जी परिस्थिती सगळ्यात वाईट असते ती सांगते. मालकाने शटर खाली ओढलं, फोन उचलत नाही, पण कंपनी कागदोपत्री दिवाळखोर झालेलीच नाही. छोट्या रेस्टॉरंट, केअर एजन्सी, दुकानं यात हे फार होतं. इथे फंडाचा दरवाजा लगेच उघडत नाही, कारण फंडासाठी अॅडमिनिस्ट्रेशन, लिक्विडेशन, एकट्याचा धंदा असेल तर मालकाची बँकरप्टसी, असं काहीतरी अधिकृत घडलेलं लागतं. म्हणून पहिलं काम, कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउसच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून स्टेटस बघा, फुकट आहे. लिक्विडेशन दिसलं तर लिक्विडेटरचं नाव तिथेच मिळेल. पण तिथे स्ट्राइक ऑफ करायचा प्रस्ताव दिसला तर सावध व्हा, त्याचा अर्थ कंपनी गुपचूप रजिस्टरमधून पुसून टाकायचं चाललंय आणि पुसून टाकलेली कंपनी म्हणजे दिवाळखोर कंपनी नव्हे. तुमचे पैसे येणं असतील तर त्यावर आक्षेप नोंदवता येतो, तो लगेच नोंदवा.

कंपनी अजून जिवंत असेल तर पैसे तिच्याकडूनच मागायचे, म्हणजे एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल, तिथलं कामगार न्यायालय, आणि त्याआधी एकॅस (ACAS) या सरकारी संस्थेकडे समेटाची नोंद करणं सक्तीचं आहे. पगार, सुट्टी, नोटीस यासाठी मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी अशी चालत आलीय. ही मुदत वाढवायचा बदल नव्या कायद्यात आहे, पण तुमच्या तारखेला तो लागू आहे का हे एकॅसच्या हेल्पलाइनवर विचारून घ्या आणि तोपर्यंत कमीचीच मुदत धरून चाला. मालक आज देतो उद्या देतो म्हणत झुलवत राहतो आणि आपला माणूस भिडेखातर थांबतो, विशेषतः मालक आपल्याच भागातला असेल तर. तुम्ही भिडेखातर थांबलात म्हणून मुदत थांबत नाही. आणखी एक, ट्रायब्युनलने रिडन्डन्सी द्या असं सांगूनही मालक देत नसेल आणि तुम्ही वसुलीचे शक्य ते प्रयत्न केले असतील, तर कंपनी दिवाळखोर नसतानाही फक्त रिडन्डन्सीपुरता फंडाकडे जाता येतं.

एका ठिकाणी २० किंवा जास्त लोकांना ९० दिवसांच्या आत काढायचं असेल तर आधी कामगारांच्या प्रतिनिधींशी चर्चा करावी लागते. केली नाही तर ट्रायब्युनल प्रोटेक्टिव्ह अवॉर्ड नावाची भरपाई देऊ शकतं. कंपनी दिवाळखोर असेल तर हीसुद्धा फंडातून मिळते, पण थकलेल्या पगारासकट एकूण आठ आठवड्यांच्या मर्यादेतच. यातला 'एका ठिकाणी' हा शब्दप्रयोग किती महागात पडतो ते वूलवर्थ्स या दुकानांच्या साखळीतल्या लोकांना विचारा. २००८ च्या शेवटी ती बुडाली, आणि २०१५ मध्ये युरोपियन कोर्टाच्या निकालानंतर ज्या दुकानांत २० पेक्षा कमी लोक होते तिथल्या सुमारे ३,२०० कामगारांना ही भरपाई मिळाली नाही. कंपनी तीच, दिवाळखोरी तीच, पण दुकान लहान म्हणून हात रिकामे.

व्हिसावाल्यांसाठी वेगळं लिहिते कारण भीती इथे सगळ्यात जास्त आहे. तुमच्या ई-व्हिसावर, पूर्वी कार्डवर, नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही असं लिहिलेलं असतं, आणि लोकांना वाटतं सरकारकडून एक पौंड घेतला तरी व्हिसा गेला. इमिग्रेशनच्या नियमांत पब्लिक फंड्स म्हणजे काय याची नावानिशी यादी आहे, युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, चाइल्ड बेनिफिट असं सगळं. नॅशनल इन्शुरन्स फंडातून मिळणारी रिडन्डन्सी, पगार, सुट्टी, नोटीस त्या यादीत नाही. तुमच्या भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर मिळणारा न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्सही नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर मात्र दुसरं घड्याळ चालू होतं, स्पॉन्सर म्हणजे तुमच्या व्हिसामागची कंपनी गेली की होम ऑफिस पत्र पाठवून साधारण ६० दिवसांची मुदत देतं, तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधायचा नाहीतर परतायचं. त्या गडबडीत क्लेम मागे पडतो. पण परतायचं ठरलं तरी आधी अर्ज टाका, यूकेतलं बँक खातं चालू ठेवा, ईमेल बघत राहा, नोटीसचा दुसरा अर्ज पुण्या-नाशिकला बसूनही ऑनलाइन होतो.

अर्ज नाकारला किंवा रक्कम कमी आली तर कारण लेखी मागा. कधी नोकरीची तारीख चुकीची धरलेली असते. कधी ते म्हणतात तुमचा धंदा दुसऱ्या कंपनीने चालवायला घेतलाय, म्हणजे तुमची नोकरीही तिकडे गेली, तेव्हा पैसे नव्या मालकाकडून मागा. रेस्टॉरंटचं नाव बदलून तोच आचारी तोच मेन्यू चालू राहतो तेव्हा हे हमखास होतं, आणि मग नव्या मालकाविरुद्धचा क्लेम त्याच तीन महिन्यांच्या मुदतीत लावावा लागतो, म्हणून असा संशय असेल तर दोन्हीकडे एकदमच मागणी करा. कधी म्हणतात तुम्ही कर्मचारी नव्हता, सेल्फ-एम्प्लॉइड होता. रोटा कंपनीचा, पगार पीएवायईमधून म्हणजे कंपनीनेच टॅक्स कापून दिलेला, युनिफॉर्म कंपनीचा, हे दाखवता आलं तर तो मुद्दा लढवता येतो. झीरो अवर म्हणजे कामाचे तास न ठरवलेलं कॉन्ट्रॅक्ट आहे म्हणून तुम्ही आपोआप कर्मचारी नाही असं होत नाही. पगार, सुट्टी आणि नोटीसबद्दल फंडाचा निर्णय मान्य नसेल तर तो कळल्यापासून तीन महिन्यांत ट्रायब्युनलमध्ये दाद मागता येते, त्यात समोर कंपनी नसते, सरकार असतं. युनियनचे सभासद असाल तर त्यांचा वकील मिळतो, नसाल तर सिटिझन्स अॅडव्हाइसच्या जवळच्या ऑफिसात जा, तिथे हे फुकट समजावून सांगतात.